पारोच्या तोंडी आपले शब्द

आमच्या धर्मग्रामाच्या वार्षिक सणाच्या आदल्या रात्री एका महाविद्यालयीन कन्येने ‘मी पारो बोलते आहे’ हे एकपात्री सादर केले. हिरवे लुगडे, कपाळावर गोंदण, हातात पळसाची फुले. मागच्या पडद्यावर अजिंठ्याच्या लेण्यांची अर्धवर्तुळाकार रांग. वीस मिनिटे ती बोलत होती. मेजर रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकारावरचे आपले प्रेम, गावाने टाकलेला बहिष्कार, मरणाची रात्र आणि शेवटी हात जोडून प्रभू येशूच्या चरणी व्यक्त केलेला पश्चात्ताप. ‘मी अजिंठ्याची मग्दालिया’ या वाक्यावर पडदा पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी बसलेल्या सिस्टरांनी डोळे टिपले. पहिले बक्षीस मी माझ्या हाताने दिले. पुढे ते एकपात्री याच त्रैमासिकात छापून आले आणि शेजारच्या धर्मग्रामांतून मला विचारणा होऊ लागली, की आमच्याही मुलींकडून बसवून घ्यायचे आहे, मूळ संहिता मिळेल काय?

संहिता मी कोणालाही दिली नाही. त्यामुळे काही मंडळी रुष्ट झाली आहेत; फादरना प्रेमकथेचे वावडे आहे असा समज पसरला आहे. तेव्हा नकाराचे कारण जाहीरपणे सांगणे अगत्याचे झाले. त्या मुलीशी माझे काहीही भांडण नाही. तिचा आवाज उत्तम आहे, पाठांतर चोख होते, आणि तिने जे लिहिले ते आम्ही वडीलधाऱ्यांनीच तिला शिकवले होते. भांडण आहे ते त्या शीर्षकातल्या ‘मी’ या एकाक्षरी शब्दाशी.

पारोविषयी आपल्याला ठाऊक काय आहे? घाट चढून वर आले की लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटरवर अजिंठा गाव लागते. तेथे एक लहानसे थडगे आहे. त्यावरच्या इंग्रजी ओळींचा आशय एवढाच: माझ्या प्रिय पारोच्या स्मरणार्थ, मृत्यू २३ मे १८५६. बस्स. ‘पारो’ हे नावसुद्धा घरगुती हाकेसारखे आहे. पार्वतीचे पारो झाले असावे असे आपण सहज म्हणतो, पण तो आपला तर्क. तिचे वय, तिचे गाव, तिची जात, तिचे आईबाप, तिचा धर्म, तिचा आजार, यांपैकी एकही गोष्ट तो दगड सांगत नाही. लेण्यांजवळच्या लेणापूरची ती होती असे कथा सांगणारे म्हणतात. दुसरा कोणी तिला आणखी कोठून आणतो. आपल्या त्या एकपात्रीत तर तिला बाप्तिस्म्याची ओढ लागलेली दाखवली होती. ही माहिती कोठून मिळाली, असे मी लेखिकेला नंतर विचारले. ती म्हणाली, ‘‘फादर, ते मला आतून जाणवलं.’’

गिलविषयी मात्र कागदपत्रे बोलतात, आणि ती कथेला फारशी अनुकूल नाहीत. गिलचा जन्म १८०४चा. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी. जेम्स फर्ग्युसन याने १८३९मध्ये लेणी पाहिली, ती जपली पाहिजेत म्हणून लिहिले-बोलले, आणि त्याचा परिणाम म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली गिलची भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामी नेमणूक केली. म्हणजे तो अजिंठ्यास आला तेव्हा चाळिशीला पोहोचलेला होता. १८४१मध्ये फ्रान्सिस रिकर्बी नावाच्या स्त्रीशी त्याचा विवाह झाला होता. त्याला मुलेबाळे होती. आपल्या रंगमंचावरच्या गिलला ना बायको असते, ना पोरे. तो सदैव पंचविशीचा, घोड्यावरचा आणि एकटा असतो. फ्रान्सिसबाईंचे एकपात्री अजून कोणी लिहिलेले नाही. ते कोणी लिहावे अशीही माझी इच्छा नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

या मनुष्याचे काम मात्र अफाट होते. वटवाघळांच्या विष्ठेने भरलेल्या, ओल धरलेल्या, अंधाऱ्या विहारांत वर्षानुवर्षे बसून त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत पंचवीसहून अधिक नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६च्या आगीत मोजक्या वगळता सगळ्या जळाल्या. वाचलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मधल्या काळात गिल कॅमेरा वापरायला शिकला होता. त्याने टिपलेल्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४मध्ये निघाली; त्यांतला मजकूर फर्ग्युसनचा. गिलचे बोट कॅमेऱ्यावर, शब्द दुसऱ्याचे. १८७९मध्ये त्याचे निधन झाले आणि भुसावळला त्याला पुरले. आयुष्यभराची चित्रे आगीच्या तोंडी गेली हे ऐकून त्याला काय वाटले असेल? येथे माझाही हात लेखणीकडे सरसावतो. पण ते मला माहीत नाही, म्हणून मी लिहीत नाही.

कोणी म्हणेल, एका मुलीच्या वीस मिनिटांच्या एकपात्रीवर एवढा दारूगोळा कशाला? कारण दुसऱ्याच्या नावाने ‘मी’ म्हणण्याचा हा उद्योग जुना आहे आणि त्याने या महाराष्ट्राचे काय केले, हे सांगणारे एक पुस्तक माझ्या मेजावर आहे. गिलची नेमणूक होण्याच्या अठरा वर्षे आधी, १८२६ साली, लंडनमध्ये तीन खंडांची एक कादंबरी प्रसिद्ध झाली: ‘पांडुरंग हरी, अर्थात एका हिंदूच्या आठवणी’. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. हे एका मराठी माणसाचे आत्मवृत्त असून आपण ते केवळ इंग्रजीत आणले आहे, असा बहाणा प्रस्तावनेत होता. खरा लेखक होता विल्यम ब्राउन हॉकली, मुंबई इलाख्यातला एक मुलकी अधिकारी. न्यायखात्यात त्याने काम केले, लाचखोरीच्या आरोपांत सापडला, कंपनीची चाकरी गमावून मायदेशी परतला, आणि मग लेखणी हाती घेतली. पुढे ‘द झनाना’ (१८२७), ‘द इंग्लिश इन इंडिया’ (१८२८), ‘मेमॉयर्स ऑफ अ ब्राह्मिन’ (१८४३) अशी त्याची आणखी पुस्तके आली. पण त्याची खरी ओळख ‘पांडुरंग हरीचा कर्ता’ एवढीच राहिली. आज त्याचे नाव इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकांनाही चटकन आठवणार नाही.

पुस्तक वाचायला रंजक आहे, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. रस्त्यावर टाकून दिलेले एक मूल मराठी फौजेच्या तळावर वाढते. चाकरी, लबाडी, तुरुंग, पेंढारी, गोसाव्याचा वेष, पेशवाईचे अखेरचे दिवस अशा नाना फेऱ्यांतून ते जाते आणि शेवटी त्याच्या कुळाचा उलगडा होतो. हॉकलीला आपल्या मुलखाची बोली, बाजार, छावणी, कचेरी यांची जवळून माहिती होती. म्हणूनच घाव खोल गेला. कारण या सगळ्या तपशिलांच्या आडून त्याने एक निवाडा विलायतेच्या वाचकांपुढे ठेवला: मराठी मुलखातला लहानथोर प्रत्येक जण लुच्चा, कृतघ्न आणि भेकड आहे. हे त्याने स्वतःच्या सहीने लिहिले असते तर एका बडतर्फ अंमलदाराची मळमळ म्हणून लोकांनी सोडून दिले असते. पण ते बोलत होता ‘पांडुरंग हरी’! माणूस स्वतःच आपल्या जातभाईंविषयी असे म्हणतो म्हटल्यावर संशय कोण घेणार? ज्याच्यावर लाच खाल्ल्याचा ठपका होता, त्याने ठपका ठेवण्यासाठी तोंड उसने घेतले, आणि तेही विठुरायाचे नाव असलेले. १८७३मध्ये या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिला प्रस्तावना होती सर बार्टल फ्रिअर यांची, १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या गृहस्थांची. तिकडून हिंदुस्थानात नोकरीस येणाऱ्या तरुणांनी एतद्देशीयांचे अंतरंग समजण्यासाठी वाचावयाचे पुस्तक अशी त्याची ख्याती झाली. म्हणजे एका साहेबाने रचलेला मराठी माणूस वाचून दुसरे साहेब खऱ्या मराठी माणसाचा न्याय करू लागले. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) लिहिणाऱ्या मेडोज टेलरनेही अमीर अलीच्या तोंडून कथा वदवली. पण त्याने निदान पुस्तकावर आपले नाव घातले, वाचकाला पडताळा पाहायला जागा ठेवली.

आता कोणी रागावून म्हणतील, कोठे तो वसाहतवादी लबाड आणि कोठे आमची सालस मुलगी! हेतूत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. हॉकलीने द्वेषाने लिहिले, तिने करुणेने. परंतु कृती तपासून पाहा. हॉकलीला मराठी माणूस जसा हवा होता तसा त्याने त्याला बोलायला लावले. आपल्याला पारो जशी हवी आहे तशी आपण तिला बोलायला लावतो: आधी बेभान प्रेमिका, मग छळ सोसणारी अबला, आणि सणाचा कार्यक्रम आहे म्हणून शेवटी पश्चात्तापी ख्रिस्तभक्त. दोन्हीकडे ज्याचे नाव घेतले तो माणूस नकार द्यायला हजर नाही. पांडुरंग हरी निदान जन्मालाच आलेला नव्हता. पारो होती. तिला हाडामांसाचे शरीर होते, ते त्या दगडाखाली आहे.

येथे ना. धों. महानोरांचे नाव घेतले जाईल याची मला कल्पना आहे. पळसखेड्याच्या या कवीने १९८४मध्ये ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले, २०१२मध्ये त्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपट आला, आणि गिल-पारोची कथा घरोघरी पोहोचली. २०२३मध्ये महानोर गेले. लेण्यांच्या शेजारच्या शिवारात राबलेल्या त्या माणसाशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही आणि इच्छाही नाही. काव्य हे काव्य म्हणून पुढे येते, दंतकथा दंतकथा म्हणून. वाचक काय घेतो आहे हे त्याला ठाऊक असते. माझी तक्रार आपल्याशी आहे, आपण जे तिच्यातून बोधकथा पिळून काढतो त्यांच्याशी. कवी आपल्या स्वप्नाची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतो. आपण धर्माच्या व्यासपीठावरून, प्रार्थनेच्या आधी आणि भोजनाच्या नंतर, तेच स्वप्न साक्ष म्हणून सादर करतो.

‘मग प्रभू येशूने दाखले सांगितले नाहीत काय?’ हा प्रश्न मला एका तरुण शिक्षकाने विचारला. प्रश्न चांगला आहे. सांगितले. पण त्या दाखल्यांतली माणसे निनावी आहेत: एक मनुष्य, एक विधवा, एक शोमरोनी, एक बाप आणि त्याचे दोन पुत्र. लूककृत शुभवर्तमानातल्या दारी पडलेल्या लाजाराखेरीज दाखल्यातल्या कोणालाही नाव दिलेले नाही. नासरेथच्या स्मशानात जाऊन एखाद्या ओळखीच्या थडग्यातल्या स्त्रीच्या तोंडी आपला उपदेश घातला, असे प्रभूने कोठेच केलेले नाही. आणि ज्या खऱ्या, जिवंत स्त्रीला दगड मारायला आणले होते, तिच्याविषयी योहान किती कमी लिहितो ते पाहा. तिचे नाव नाही, तिची कहाणी नाही. तिच्या तोंडी तीन-चार शब्दांचे एकच उत्तर. बाकीची सगळी बडबड तिला धरून आणणाऱ्यांची.

दुसरा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे. मुक्या राहिलेल्या स्त्रियांना आवाज द्यायचा नाही तर काय त्यांना कायमचे मुकेच ठेवायचे? असे विचारणाऱ्यांना मी एक तारीख सांगतो. पारो वारली १८५६ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५५मध्ये, अहमदनगरला १८४२मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाने एक निबंध छापला. लिहिणारी मुक्ता, मांग जातीची, जोतिराव फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, चौदा वर्षांची. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीवाऱ्यात तिचे काय हाल होतात, हे लिहिले. आणि ज्यांनी धर्म आपल्यापुरता राखून ठेवला त्यांना थेट प्रश्न विचारले. या मुलीचा आवाज कोणाला द्यावा लागला नाही. तो तिचा तिला होता. तिला मिळाली होती पाटी, आणि छापणाऱ्याने दिली होती जागा. त्या काळच्या मिशनऱ्यांना सोयीची अशी एखादी ‘मांगिणीची कैफियत’ स्वतःच लिहून तिच्या नावावर खपवता आली असती. हॉकलीचा कित्ता डोळ्यांसमोर होताच. त्यांनी तसे केले नाही. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंचे हे ऋण आपण कॅथलिकांनी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

आणखी एक नाव. ज्या डोंगररांगेच्या कुशीत लेणी आहेत त्याच अजिंठ्याच्या रांगेवर वसलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध केले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला अर्भकहत्येसाठी शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीची निर्भर्त्सना सुरू झाली, तेव्हा ही बाई उसळून उठली. लक्षात घ्या, तिने ‘मी विजयालक्ष्मी बोलते आहे’ असे लिहिले नाही. ती ‘मी ताराबाई’ म्हणून लिहिते, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या संतापाने, आणि पुरुषांना विचारते की या पापातला तुमचा वाटा कोठे आहे. त्या वेळी टोपणनाव घेणे सोयीचे होते, सुरक्षितही होते. तिने घेतले नाही. पुढे टीकेचा मारा झाला तो तिने अंगावर घेतला.

आमच्या एकपात्रीच्या लेखिकेला मी हेच म्हणालो, की बाळ, तुला त्या थडग्यापाशी उभे राहून रडू आले ना? मग तसे लिही. ‘मी अमुक, वय वर्षे वीस, अमुक धर्मग्राम, या दगडापाशी उभी राहिले आणि मला हे वाटले.’ तो तुझा हक्क आहे. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘त्याला बक्षीस मिळालं नसतं, फादर.’’ बक्षीस देणारा मीच होतो. मी काय बोलणार?

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो, ‘मी अजिंठ्याची मग्दालिया’. माझ्या दृष्टीने हा सर्वांत मोठा अपराध, आणि तो त्या मुलीचा नव्हे, ख्रिस्तसभेचा आहे. मरिया मग्दालिया वेश्या होती असे कोणत्याही शुभवर्तमानात लिहिलेले नाही. लूकच्या आठव्या अध्यायात तिची ओळख आहे ती अशी: तिच्यातून सात भुते निघाली होती, आणि योहान्ना, सुसान्ना व इतर स्त्रियांसह ती आपल्या पदरच्या पैशाने प्रभू व शिष्य यांची सेवा करीत असे. त्याच्या आधीच्या, सातव्या अध्यायात प्रभूचे पाय आसवांनी धुणारी एक पापी स्त्री येते. तिचे नाव लूक सांगत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या चरणांना सुगंधी तेल लावते ती बेथानीची मरिया, लाजाराची बहीण. या तीन वेगवेगळ्या स्त्रियांना इ. स. ५९१च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी आपल्या प्रवचनात एकत्र केले. हेतू वाईट नव्हता. पापी माणसाला धीर द्यावा असाच होता. पण त्यानंतर पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत सुमारे चौदाशे वर्षे चित्रकारांनी, प्रवचनकारांनी आणि नाटककारांनी एका साक्षीदार स्त्रीला मोकळ्या केसांची पश्चात्तापी गणिका करून ठेवले. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेने हा घोळ कधीच घातला नाही. रोममध्ये १९६९च्या सुधारित धर्मविधी-पंचांगात ही सरमिसळ काढून टाकण्यात आली, आणि २०१६मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलै या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. तरीही आपल्या धर्मग्रामांत उपवासकाळातल्या नाटिकेत मग्दालियाला लाल साडी नेसवली जातेच. अनुभवाने सांगतो. सेमिनरीत असताना अशी नाटिका मी स्वतः लिहिली होती, आणि त्यात मग्दालियाला दीड पानाचे पश्चात्तापाचे भाषण होते. शुभवर्तमानात ती पुनरुत्थानाच्या पहाटे जे बोलते ते अगदी थोडे: प्रभूला कोठे ठेवले ते मला ठाऊक नाही. आणि प्रभू तिला उपदेश करीत नाही. फक्त नावाने हाक मारतो.

तेव्हा ‘अजिंठ्याची मग्दालिया’ या दोन शब्दांत आपण एकाच वेळी दोघींवर कुभांड रचतो. जिने पाप केल्याचा पुरावा नाही अशी एक संत स्त्री, आणि जिच्याविषयी एका दगडापलीकडे काहीच हाती नाही अशी एक अनोळखी स्त्री. पारो गिलची पत्नी होती की नव्हती, ती स्वखुशीने त्याच्याकडे राहिली की साहेबाला नाही म्हणण्याची सोय नव्हती म्हणून, हे कोण सांगणार? चाळिशी उलटलेला, घोडा-बंदूक-पगार असलेला लष्करी अधिकारी आणि खेड्यातली एक स्त्री. या नात्याला ‘अमर प्रेम’ म्हणायला आपण फारच उतावीळ आहोत, आणि ‘पाप’ म्हणायलाही. दगडावर जी माया उमटली आहे ती गिलची आहे. ती खरी असेल. पण ती त्याची साक्ष आहे, तिची नव्हे.

अजिंठ्याचा डोंगर नावांच्या बाबतीत मोठा विलक्षण आहे. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या दानाचा शिलालेख आहे, सव्विसाव्यात भिक्खू बुद्धभद्राचा. पण ज्यांनी पद्मपाणीची ती झुकलेली पापणी रंगवली त्या चितारींची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आणि १८१९मध्ये वाघाच्या शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर, रंगवलेल्या मूर्तीच्या अंगावरच, आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ती अजून वाचता येते. आमची सहल गेली तेव्हा मुलांनी सर्वांत जास्त वेळ त्याच खांबापाशी घालवला.

एवढे सगळे लिहिले, पण दुसऱ्यांच्या कुसळावर बोट ठेवताना स्वतःचे मुसळ लपवणे बरे नव्हे. १९९९च्या हिवाळ्यात मी नुकताच सहायक धर्मगुरू म्हणून रुजू झालो होतो. एका वस्तीवरून निरोप आला, म्हातारी वारली. मुलगा-सून ऊसतोडीला लांब गेलेले, फोनची सोय नाही, शेजाऱ्यांनीच सगळे केले. मातीचा विधी आटोपला आणि मृतांच्या नोंदवहीत नोंद करायला बसलो. नाव? शेजारी म्हणाले, ‘‘जिजी म्हणायचे सगळे.’’ खरे नाव? कोणालाच माहीत नव्हते. ती लग्न होऊन दूरच्या मिशनमधून आली होती. मला घाई होती, संध्याकाळी दुसऱ्या गावी मिस्सा होती. मी रकान्यात ‘मारिया’ लिहिले. ख्रिस्ती म्हातारी, मारिया असायला काय हरकत आहे? वयही अंदाजाने घातले, आणि सही केली.

वीस वर्षांनी त्या म्हातारीची नात आली. पुण्यात परिचारिका आहे. आजीच्या कबरीवर दगड बसवायचा होता, म्हणून नाव हवे होते. योगायोगाने मी पुन्हा त्याच धर्मग्रामात होतो. नोंदवही काढून पान उघडले. ती वाकून वाचू लागली आणि तिचा चेहरा फुलला. ‘‘आमच्या जिजीचं नाव मारिया होतं होय? आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही.’’ तिने ते कागदावर लिहून घेतले, कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मी काही बोललो नाही. महिन्याभरात दगड बसला. त्याला आशीर्वादही मीच दिला.

एकपात्रीच्या त्या रात्री बक्षीस देऊन खोलीवर आलो आणि झोप लागली नाही. दुसऱ्या आठवड्यात वरिष्ठांची परवानगी घेऊन त्या नोंदीशेजारच्या समासात तारीख घालून लिहिले: ‘नाव लिहिणाऱ्याने आपल्या मनाने घातले. खरे नाव मिळाले नाही.’ खाली सही केली. मग नातीला फोन केला आणि सगळे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटले फोन कापला गेला.

‘‘मग आता दगडावर काय लिहू, फादर?’’

‘‘तुम्ही तिला काय म्हणत होता?’’

‘‘जिजी.’’

‘‘तेच लिही. आणि तारीख.’’